तुंब्याचा ताप

14 मे 2022, शनिवार, संध्याकाळी 6 वाजून 20 मिनिटे. ओहायो राज्यातला 23 नंबरचा महामार्ग, वॉल्डो गाव मागे टाकून डेलावेअरकडे जाणारा सरळ रस्ता. इथे माझ्या बोटीच्या ट्रेलरचं डावं चाक निखळलं.

त्या दिवसाच्या वेळा मी नंतर जमवल्या. काही फोनमधल्या फोटोंवरून, एक पेट्रोलच्या पावतीवरून, शेवटची पोलिसांच्या कागदावरून. सगळ्या एकाखाली एक लिहून काढल्या, तेव्हा दिसलं की प्रत्येक टप्प्यावर ते चाक काही ना काही सांगत होतं.

5,040 तास आधी

16 ऑक्टोबर 2021. आदल्या दिवशी दसरा झाला होता. परसातल्या झेंडूची माळ आम्ही गाडीला घातली, एक ट्रेलरलाही घातली. दुसऱ्या दिवशी त्या मोसमातली शेवटची फेरी म्हणून लेक ईरीला गेलो. आमच्या कोलंबसहून ईरीकाठचं पोर्ट क्लिंटन साधारण 180 किलोमीटर. बोट 19 फुटी, अ‍ॅल्युमिनियमची. ट्रेलर एका आखाचा, दोन चाकांचा. बोट, इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर मिळून वजन दीड टनाच्या आसपास, म्हणजे एकेका चाकावर पाऊण टन.

लहानपणी कृष्णाकाठच्या आमच्या गावात चुलत्यांची, म्हणजे आप्पांची, बैलांची टायरगाडी होती, कारखान्याला ऊस घालायची. आप्पा दसऱ्याला गाडीची पूजा करायचे, पण पूजेच्या आठवडाभर आधी गाडी दगडांवर चढलेली असायची आणि दोन्ही चाकं उघडलेली असायची. बेअरिंग रॉकेलच्या पाटीत धुवायचं, फडक्यावर वाळवायचं, एकेक रोलर उजेडात फिरवून बघायचा. मग डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची कड त्यावर दाबत राहायचं, ग्रीस रोलरांच्या फटीतून दुसऱ्या बाजूने वर येईपर्यंत. हे काम आप्पा कुणाला देत नसत. झेंडूची माळ मी त्यांच्याकडून घेतली. चाक उघडणं घेतलं नाही.

चाकाच्या मधल्या भागाला, ज्याला इथे हब म्हणतात, आमच्या घरात तुंबाच म्हणायचे. मी तोच शब्द वापरतो. ट्रेलरच्या तुंब्यात दोन बेअरिंग असतात, एक बाहेरच्या अंगाला, एक आतल्या. दोन्हींचे रोलर निमुळते, शंकूसारखे तिरपे बसवलेले, आणि दोघांची तोंडं एकमेकांच्या विरुद्ध. त्यामुळे वरून येणारं वजन आणि वळणावर बाजूने येणारा रेटा ही दोन्ही ओझी ते पेलतात. हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनवणाऱ्या माणसाने 1898 मध्ये अशा बेअरिंगचं पेटंट घेतलं, आणि त्याची कंपनी पुढे याच ओहायोतल्या कॅन्टन शहरात आली. आतल्या बेअरिंगच्या पाठीमागे रबरी ओठाचं ऑइल सील असतं, बाहेरून टोपी. या दोघांच्या मध्ये ग्रीस, आणि ग्रीसने न भरलेल्या जागेत हवा.

ही हवा लक्षात ठेवावी लागते. दोन-अडीच तास रस्त्यावर धावलेला तुंबा 60 अंशांपर्यंत तापू शकतो. बोट सोडण्यासाठी ट्रेलर उलटा घेत थेट पाण्यात न्यायचा असतो, चाकं बुडेपर्यंत. पाणी 12-14 अंशांचं. आतली तापलेली हवा काही क्षणांत थंड होते आणि आक्रसते. हिशेब केला तर तिचा दाब जवळजवळ सातव्या हिश्श्याने उतरतो. तुंबा बाहेरचं पाणी ओढायला लागतो. सीलचा ओठ आतलं ग्रीस आत ठेवण्यासाठी घडवलेला असतो. बाहेरून आत ओढ लागली आणि ओठ थोडाही झिजलेला असला, तर पाणी त्याच्याखालून शिरतं. एका बुडीत चमचाभर शिरलं तरी पुरतं.

ऑक्टोबरच्या त्या फेरीत ते शिरलं. ईरीचं पाणी गोडं आहे, खारं नाही, म्हणून या भागातले बोटवाले निर्धास्त असतात. मीही होतो. खारं पाणी पोलाद लवकर खातं हे खरं, पण बेअरिंगच्या आरशासारख्या पृष्ठभागाला गोडं पाणीही सोडत नाही. नुसता वेळ द्यावा लागतो. मी सात महिने दिले. ट्रेलर घराच्या बाजूला ताडपत्रीखाली उभा राहिला. पाणी ग्रीसमध्ये मिसळलं, रोलर जिथे टेकले होते तिथेच टेकून राहिले, बर्फ पडलं आणि वितळलं.

अपघातानंतरच्या आठवड्यात मी उजवं चाक उघडलं, म्हणून हे ठामपणे सांगतो. ग्रीस दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं झालं होतं. पुसून बघितलं तर बाहेरच्या कड्यावर गंजाच्या आडव्या रेघा होत्या, एकीपासून दुसरी सारख्या अंतरावर. दोन रोलरांमध्ये जेवढं अंतर असतं, बरोबर तेवढ्या. प्रत्येक रोलर हिवाळाभर जिथे उभा होता, तिथे आपली खूण ठेवून गेला होता.

20 तास आधी

शुक्रवार, रात्री 10.20. गॅरेजमध्ये दिवा लावून मी ट्रेलरची देखभाल केली.

हे वाक्य लिहिताना अजूनही हात थांबतो, कारण त्या रात्री मला खरोखर वाटलं होतं की मी देखभाल करतोय. माझ्या तुंब्यांवर साध्या टोपीऐवजी स्प्रिंगची टोपी होती. ही फार हुशारीची वस्तू आहे. टोपीत ग्रीस भरायचं, मागची स्प्रिंग त्याला सतत हलकासा दाब देत राहते, आणि आतला दाब बाहेरच्या पाण्यापेक्षा थोडा जास्त राहिला की पाणी शिरत नाही. मात्र तिची चकती थोडी बाहेर आली की ग्रीसगन थांबवायची. दोन-तीन पंप, बस.

मी डाव्या चाकाला वीसेक पंप मारले. चकती बाहेर आली, मी मारत राहिलो. हाताला जोर लागत होता. मग आत कुठेतरी काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि दांडा एकदम हलका झाला. मला वाटलं, जुनं ग्रीस पुढे सरकलं आणि नव्याला जागा झाली. प्रत्यक्षात मागचं सील आपल्या खाचेतून उचकटलं होतं. पाण्याला अडवणारी एकच गोष्ट होती, ती मी ग्रीसच्या जोराने ढकलून दिली.

ग्रीसगनमुळे अशी समजूत होते की ग्रीस आत गेलं म्हणजे काम झालं. बाहेरून भरलेलं ग्रीस आतल्या बेअरिंगपर्यंत पोचतंच असं नाही. आणि पोचलं, तरी आधीच पडलेला गंज ते झाकतं, बुजवत नाही. आख बनवणाऱ्यांच्या पुस्तिकांमध्ये साधारण दर 12 महिन्यांनी किंवा 12,000 मैलांनी बेअरिंग काढून, धुऊन, तपासून, हाताने ग्रीस भरायला सांगितलेलं असतं, आणि सील दर वेळी नवं. पाण्यात जाणाऱ्या ट्रेलरला हे वर्षातून एकदा झालंच पाहिजे, आणि ते मोसम संपल्यावर करावं, सुरू होताना नव्हे. म्हणजे पाणी हिवाळाभर आत बसत नाही. ग्रीस पाण्याला दाद न देणारं हवं, आणि दोन जातींची ग्रीस एकमेकांत मिसळू नयेत.

नट आवळण्यातही कला आहे. आप्पा चाक फिरवत फिरवत नट घट्ट करायचे, रोलर नीट बसले की सैल सोडायचे, मग नुसत्या बोटांनी लागेल तेवढा आवळून त्यात पिन घालायचे. पान्याने करकचून आवळलेलं बेअरिंग जळतं, ढिलं सोडलेलं डोलतं. चाक वरखाली धरून हलवलं की जाणवतो तो खेळ किती असावा, हे त्यांच्या हातांना माहीत होतं.

त्या रात्री मी चाक जॅकवर उचलून एकदा जरी हाताने फिरवलं असतं, तरी आतली खरखर ऐकू आली असती. तेवढ्याला पाच मिनिटं लागतात.

13 तास 20 मिनिटे आधी

पहाटे 5. मी, माझी 11 वर्षांची मुलगी आणि एक मित्र. थर्मासमध्ये चहा, डब्यात पोळीची गुंडाळी. हवा गार, रस्ता मोकळा. ताशी 60 मैलांना ट्रेलरचं चाक मिनिटाला साडेसातशेहून जास्त फेऱ्या घेतं. पोर्ट क्लिंटनपर्यंत ऐंशी हजारांवर फेऱ्या झाल्या. गंजाच्या प्रत्येक रेघेवरून रोलर पुन्हा पुन्हा जात राहिले.

10 तास 50 मिनिटे आधी

सकाळी 7.30. मे महिना म्हणजे ईरीवर वॉलाय माशाचे दिवस. धक्क्यावर गाड्यांची रांग होती, आणि रांगेत एक न लिहिलेला कायदा असतो: तुझी पाळी आली की दोन मिनिटांत बोट पाण्यात गेली पाहिजे. मागचे लोक रागावत नाहीत, फक्त बघत राहतात. त्या बघण्याच्या दडपणाखाली किती तापलेले तुंबे दर शनिवारी थंड पाण्यात जात असतील!

खरं तर उपाय सोपा आहे. रांगेत घुसायच्या आधी वाहनतळावर अर्धा तास थांबायचं. पट्टे सोडायचे, दोर लावायचे, मुलांना जॅकेटं घालायची, चहा प्यायचा. तेवढ्यात तुंबा निवतो. आम्ही चहा बोटीत प्यायचं ठरवलं.

7.38 ला ट्रेलर पाण्यात होता. डाव्या चाकाजवळ बुडबुडे आले. मुलीने तो फोटो काढला, कारण बुडबुड्यांवर ऊन पडलं होतं. सील जागेवर नसल्याने आता ओढ लागायचीही गरज नव्हती. पाणी सरळ आत गेलं.

3 तास 10 मिनिटे आधी

दुपारी 3.10. दिवस छान गेला होता, मासे मिळाले होते, त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही. ट्रेलर दुसऱ्यांदा पाण्यात गेला, बोट वर आली. मी पट्टे आवळत होतो.

"बाबा, चाकाला कॉफी सांडलीय."

मुलगी डाव्या चाकाशी उकिडवी बसली होती. टायरच्या आतल्या अंगाला तपकिरी, दुधाळ ओघळ होते, रिमवरून खाली आलेले. तिने बोट लावून वास घेतला.

"कॉफी नाही ग, ग्रीस आहे. काल भरलं ना, जास्तीचं बाहेर येतंय."

मी फडकं घेतलं आणि ते पुसलं. चाक पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं.

चाकाच्या बाहेरच्या अंगाला ग्रीस दिसलं तर ते टोपीतून आलेलं असू शकतं. आतल्या अंगाला दिसलं तर सील गेलं. आणि ते दुधाळ असेल, तर आत पाणी आहे. ट्रेलर तिथून हलवायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. 11 वर्षांच्या मुलीला दिसलं, तिने विचारलं, आणि मी तिला चुकीचं उत्तर दिलं.

1 तास 15 मिनिटे आधी

5.05. फ्रेमॉन्ट, टिफिन मागे टाकून अप्पर सँडस्कीला पेट्रोल भरायला थांबलो. पावतीवर हीच वेळ आहे. पंप डाव्या हाताला होता. गाडीच्या टाकीपासून ट्रेलरच्या डाव्या चाकापर्यंत फार तर आठ पावलं.

आप्पा उसाची गाडी घेऊन निघाले की नाक्यावर, चढ संपल्यावर, कारखान्याच्या अड्ड्यावर, जिथे बैल थांबतील तिथे खाली उतरायचे आणि दोन्ही तुंब्यांना उलटा हात लावायचे. "पोराचा ताप बघतात तसा बघायचा. कोमट लागला तर चल. चटका बसला तर बैल सोड." दोन्ही चाकांना हात लावायचा, कारण एकाची ऊब दुसऱ्याशी ताडून बघता येते. एक गार आणि एक गरम, तर गरम चाक आजारी. आता वीस-पंचवीस डॉलरला तापमान मोजायची बंदूक मिळते, दुरून रोखली की आकडा दाखवते. ती असली तर चांगलंच. नसली तर हात आहे.

पुढच्या वर्षी, 3 फेब्रुवारी 2023 च्या रात्री, याच ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन गावाजवळ नॉरफोक सदर्नची मालगाडी घसरली. त्या अपघाताचा चौकशी अहवाल मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. दीडशेच्या आसपास डब्यांची गाडी, आणि 23 व्या डब्याच्या एका चाकाचं बेअरिंग तापत चाललेलं. रुळांशेजारी तापमान मोजणारी यंत्रं बसवलेली होती. पहिल्या यंत्राजवळ ते बेअरिंग बाहेरच्या हवेपेक्षा 21 अंश सेल्सिअस जास्त गरम होतं. 16 किलोमीटर पुढे, दुसऱ्याजवळ, 57 अंश. गाडी थांबवून तपासण्याची कंपनीची मर्यादा सुमारे 94 अंशांची, म्हणून चालकांना काहीच कळवलं गेलं नाही. मग तीसेक किलोमीटर एकही यंत्र नव्हतं. तिसऱ्याजवळ आकडा होता 141. तेव्हा घंटा वाजली, चालकांनी गाडी आवरायला घेतली, पण तोवर 38 डबे रुळांवरून उतरले होते. त्यांत व्हिनाइल क्लोराइड या घातक रसायनाच्या पाच टाक्या होत्या. सुमारे दोन हजार लोकांना घरं सोडावी लागली, आणि तीन दिवसांनी ते रसायन मुद्दाम पेटवून दिलं गेलं तेव्हा काळा धूर साऱ्या खोऱ्यावर पसरला.

21, 57, 141. हे आकडे वाचले की मला अप्पर सँडस्कीचा पेट्रोल पंप दिसतो. बेअरिंग ज्या चालीने बिघडतं ती या तीन आकड्यांत आहे: बराच काळ सावकाश, मग अचानक. शिवाय बाहेरून कळणारी ऊब ही आतल्या आगीच्या नेहमी मागे असते. म्हणून मर्यादा ओलांडली का, हा प्रश्नच अपुरा आहे. मागच्या थांब्यापेक्षा ताप किती चढला, हे विचारायला हवं, आणि त्यासाठी प्रत्येक थांब्यावर हात लावलेला असायला हवा.

मी पेट्रोल भरलं, काच पुसली, टायरांतली हवा डोळ्यांनी बघितली. आठ पावलं चाललो नाही.

35 मिनिटे आधी

5.45. सँडविच खाऊन निघालो. मुलगी मागच्या सीटवर झोपली.

तुंब्यात या वेळी काय चाललं असेल ते उरलेल्या अवशेषांवरून सांगता येतं. पाणी मिसळलेलं ग्रीस तापून पातळ झालं आणि उघड्या मागच्या बाजूने बाहेर उडालं. गंजलेल्या रेघांच्या जागी पोलादाचे पापुद्रे सुटले, ते रोलरांखाली दळले जाऊ लागले. लोखंडावर लोखंड.

15 मिनिटे आधी

6.05. मॅरियनला बाहेरून वळसा घालणारा रस्ता. मित्र म्हणाला, "काहीतरी जळल्याचा वास येतोय का रे?" आजूबाजूला शेतं, पुढे एक जुना ट्रक. आम्ही दोघांनी तो वास त्या ट्रकच्या नावावर घातला.

3 मिनिटे आधी

6.17. मागच्या गाडीने दिवे मारले, एकदा, पुन्हा एकदा. मी आरशात बघितलं. डाव्या चाकामागे पांढरट धुराची बारीक रेघ होती. रोलरांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारा पिंजरा तोवर तुटला होता, रोलर आडवे होऊन अडकले होते, आणि बेअरिंगचं आतलं कडं आखावरच फिरून आखाला कापत होतं. मी वेग कमी केला, उजवा दिवा लावला, कडेला घ्यायला सुरुवात केली. ब्रेक जोरात दाबला नाही, एवढं एक बरोबर केलं.

6.20

आवाज झाला नाही. आधी गाडी मागून डावीकडे खेचली गेली. मग मी माझं चाक माझ्याच पुढे जाताना बघितलं. ते उभंच्या उभं, शांतपणे, आमच्याहून वेगाने डाव्या बाजूने निघालं, मधल्या गवताच्या पट्ट्यात उतरलं, दोनदा उसळलं आणि पलीकडच्या रस्त्यावर गेलं. त्याच क्षणी ट्रेलर आखाच्या टोकावर बसला, ठिणग्यांचा फवारा उडाला, आणि मुलगी जागी होऊन ओरडली.

पलीकडून येणाऱ्या एका निळ्या मोटारीच्या तोंडावर ते चाक आदळलं. मोटार फिरली, गवतात उतरली आणि थांबली. मी रस्ता कसा ओलांडला ते आठवत नाही. आत सत्तरीच्या एक बाई होत्या. हवेची पिशवी फुटली होती, बॉनेट आत दबलं होतं, त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. त्या बोलत होत्या. मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या की काय होतं ते, हरीण होतं का.

आमच्या बाजूला पट्ट्यांनी बोट धरून ठेवली होती. ट्रेलरखालचं गवत पेटलं होतं, ते मित्राने आणि दिवे मारणाऱ्या त्या भल्या माणसाने पाण्याच्या बाटल्या ओतून विझवलं. बोटीतल्या टाकीत चाळीस लिटर पेट्रोल होतं.

रुग्णवाहिका बाईंना घेऊन गेली. मग पोलीस अधिकारी ट्रेलरशी वाकून बसला. आखाचं टोक निळं-जांभळं पडलं होतं, तासलेल्या पेन्सिलीसारखं निमुळतं. त्याने टॉर्च मारला, हातमोजा घालूनही बोट लावलं नाही. उजव्या चाकाच्या टोपीवर ताज्या ग्रीसचा थर चमकत होता, तोही त्याने बघितला. मुलगी माझा हात धरून उभी होती.

त्याने वही उघडली आणि विचारलं, या चाकांची देखभाल शेवटची कधी झाली होती?

"काल रात्री," मी म्हणालो.